बटण दाबले, पण गाडी गप्प!

नवी बॅटरी बसवली आणि महिन्याभरात पुन्हा तेच रडगाणे! दुचाकीवाल्या घरांना हा अनुभव नवा नाही. पण दोष प्रत्येक वेळी बॅटरीचाच असतो का? तो ओळखायचा कसा? आणि गॅरेजची पायरी चढण्यापूर्वी घरच्या घरी काय काय पाहता येते?

दुचाकी रुसण्याचा मुहूर्त ठरलेला असतो. मुलाची परीक्षा असते, ऑफिसात साहेब येणार असतात किंवा रात्रपाळी संपवून घरी परतायचे असते. किल्ली फिरवून बटण दाबावे, तर गाडीतून ‘टक्’ असा एकच आवाज येतो आणि पुढे सारे शांत! मग आजूबाजूचे जमतात. कुणी म्हणतो, “बॅटरी उतरली.” कुणी म्हणतो, “सेल्फ गेला.” धक्का मारून कशीबशी गाडी गॅरेजात पोहोचते, नवी बॅटरी बसते आणि खिशाला चाट बसते. काही दिवस गाडी पहिल्याच हाकेला ‘ओ’ देते. नंतर पुन्हा तोच ‘टक्’!

असे होण्याचे कारण सोपे आहे. बॅटरी हा एका साखळीतला केवळ एक दुवा आहे. तिला भरणारी यंत्रणा नादुरुस्त असेल किंवा तिच्यातली वीज कुठे गळत असेल, तर नवी बॅटरीही जुनीच्याच वाटेने जाणार. म्हणूनच बॅटरी बदलण्याआधी तपासणी हवी. ही तपासणी अवघड नाही. त्यासाठी एक साधा मल्टिमीटर, थोडा वेळ आणि लक्ष देऊन ऐकणारा कान पुरतो.

किक गेली, जबाबदारी वाढली

विजेवर चालणारा स्टार्टर तसा जुनाच. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत बसला आणि हँडल मारून मोटार सुरू करण्याची कसरत हळूहळू संपली. आपल्याकडे दुचाकीला हे सुख बऱ्याच उशिरा मिळाले. राजदूत, येझदी, बुलेट यांच्या जमान्यात किक हाच राजमार्ग होता. ऐंशीच्या दशकात आलेल्या कायनेटिक होंडाने बटण दाबून स्कूटर सुरू करण्याची सवय लावली आणि साडी नेसलेल्या कितीतरी स्त्रियांची किकच्या कटकटीतून सुटका केली. २००१ साली पल्सर आली आणि पुढच्या काही वर्षांत मोटारसायकलवरही ‘सेल्फ’ ही चैन न राहता गरज बनली.

किक होती तोवर बॅटरी मेली तरी फारसे अडत नसे. आता अनेक मोटारसायकलींना किकच नसते. त्यात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचे हेडलाइट इंजिन सुरू असेपर्यंत कायम पेटलेले राहू लागले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झाले आणि बहुतेक गाड्यांतला कार्ब्युरेटर जाऊन विजेवर चालणारा पेट्रोल पंप व इंजेक्टर आला. म्हणजे गाडी सुरू करण्यासाठीच नव्हे, तर इंजिनाला पेट्रोल पाजण्यासाठीही वीज हवी. बॅटरी पार बसली असेल तर अशा मोटारसायकलीला धक्का मारूनही उपयोग होत नाही, कारण पंपच चालत नाही. गिअर नसलेली स्कूटर तर धक्क्याने कधीच सुरू होत नाही. तेव्हा निर्जन रस्त्यावर रात्री अडकून पडायचे नसेल, तर बॅटरीची भाषा घरातल्या प्रत्येक चालकाला समजली पाहिजे.

हॉर्न वाजतो, म्हणजे बॅटरी ठणठणीत?

सर्वांत मोठा गैरसमज हाच! ३५ वॅटचा हेडलाइट बॅटरीकडून जेमतेम ३ अँपिअर प्रवाह घेतो. स्टार्टरची मोटर मात्र इंजिन फिरवण्याच्या त्या क्षणी कितीतरी पट, म्हणजे काही दहा अँपिअर प्रवाह ओढते. म्हाताऱ्या माणसाला खुर्चीवरचे वर्तमानपत्र उचलता येते, म्हणून गव्हाचे पोतेही उचलता येईल असे नाही. तसेच बॅटरीचे. दिवा लागतो, हॉर्न वाजतो, मीटर झळकतो, पण सेल्फचे ओझे तिला पेलत नाही.

याच कारणाने सैल टर्मिनलही घात करते. समजा, टर्मिनलवर साचलेल्या पांढरट-हिरवट क्षारामुळे वाटेत केवळ ०.०५ ओहमचा अडथळा निर्माण झाला. हेडलाइटला त्याचा पत्ताही लागणार नाही. पण ५० अँपिअर प्रवाह वाहू लागला की तेवढ्याशा अडथळ्यात अडीच व्होल्ट खर्ची पडतात आणि सेल्फ गप्प बसतो. बॅटरी चांगली, सेल्फ चांगला, आणि तरी गाडी बंद! दहा मिनिटांत टर्मिनल घासून, घट्ट आवळून जे काम झाले असते, त्यासाठी नवी बॅटरी विकत घेतली जाते ती अशी.

आधी कान द्या

बटण दाबल्यावर गाडी काय बोलते, यावरून निम्मे निदान होते.

काहीच आवाज नाही, दिवेही नाहीत : मुख्य फ्यूज उडालेला असू शकतो किंवा बॅटरीचे टर्मिनल सुटलेले असू शकते. फ्यूज बदलताना तेवढ्याच अँपिअरचा घालावा. चंदेरी कागद किंवा तार गुंडाळून काम भागवणे म्हणजे वायरिंगला आगीचे आमंत्रण. नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी वायर उघडी पडून सांगाड्याला टेकली आहे, हे निश्चित.

दिवे लागतात, पण ‘टक्’सुद्धा नाही : येथे संशय स्विचांवर. हँडलवरचा लाल किल स्विच चुकून बंद झाला आहे का? गाडी गिअरमध्ये आहे का? साइड स्टँड पूर्ण वर गेले आहे का? क्लच दाबला आहे का? स्कूटर असेल तर ब्रेक दाबला आहे का? अनेक गाड्यांत यांपैकी एकाचीही संमती नसेल तर सेल्फपर्यंत हुकूमच जात नाही. पावसाळ्यात साइड स्टँडच्या स्विचमध्ये चिखल बसतो, क्लचचा छोटा स्विच झिजतो आणि धट्टीकट्टी गाडी आजारी वाटू लागते.

‘टकटकटक’ असा भराभर आवाज : हे उतरलेल्या बॅटरीचे ठळक लक्षण. बटण दाबताच रिले जोडला जातो, मोटर प्रवाह मागते, बॅटरीचा दाब कोसळतो, त्यामुळे रिले सुटतो. दाब पुन्हा वर येतो आणि रिले पुन्हा जोडला जातो. हा खेळ सेकंदात अनेकदा चालतो. टर्मिनल सैल असले तरी असाच आवाज येतो, म्हणून आधी ते पाहावे.

एकच ‘टक्’ : आता हेडलाइटकडे किंवा मीटरच्या दिव्याकडे पाहत पुन्हा बटण दाबावे. उजेड एकदम मंदावला, तर मोटर प्रवाह मागते आहे पण बॅटरीत दम नाही किंवा जोडणी खराब आहे. उजेड होता तसाच राहिला, तर प्रवाह मोटरपर्यंत पोहोचतच नाही. मग रिलेचे आतले संपर्क जळलेले असतात किंवा मोटरमधले कार्बन झिजून संपलेले असतात. कार्बन ही स्वस्तातली दुरुस्ती आहे. सेल्फ उघडून कार्बन बदलले, आतली काळी भुकटी साफ केली की मोटर पुन्हा जोमाने फिरू लागते. त्यासाठी संपूर्ण मोटर बदलण्याची गरज प्रत्येक वेळी नसते.

मोटर ‘घुर्र’ करून फिरते, इंजिन मात्र स्थिर : मोटर आणि इंजिन यांना जोडणारा एकाच दिशेने पकडणारा क्लच घसरतो आहे. बॅटरीचा येथे काही संबंध नाही. हे काम गॅरेजचेच.

इंजिन जोमात फिरते, पण सुरू होत नाही : बॅटरी आणि सेल्फ दोघांनाही निर्दोष सोडावे. पेट्रोल, प्लग, एअर फिल्टर यांची चौकशी करावी. इंजेक्शनच्या गाडीत किल्ली फिरवल्यावर पेट्रोल पंपाचा दोन-तीन सेकंद बारीक गुणगुणाट ऐकू येतो. तो येत नसेल तर पंप किंवा त्याचा फ्यूज पाहावा.

येथे एक खुलासा हवा. अलीकडच्या काही स्कूटरमध्ये स्वतंत्र सेल्फ मोटरच नसते. वीज तयार करणारे यंत्रच सुरुवातीला मोटर बनून इंजिन फिरवते. त्यामुळे गाडी कुठलीही खडखड न करता सुरू होते. अशा स्कूटरला वरचे सगळे आवाज लागू पडत नाहीत. तिथे बॅटरी, फ्यूज आणि ब्रेकचा स्विच पाहून पुढचे काम जाणकाराकडे सोपवावे.

आणखी एक पथ्य. सेल्फ एका वेळी ५ सेकंदांपेक्षा जास्त दाबू नये. मध्ये दहा-पंधरा सेकंद थांबावे. बटण दाबून धरल्याने मोटर तापते आणि उरलीसुरली बॅटरीही रिकामी होते.

तीन आकड्यांची परीक्षा

कानाने संशयित सापडला की मल्टिमीटरने पुरावा गोळा करायचा. काही शे रुपयांत मिळणारा साधा डिजिटल मीटर यासाठी पुरेसा आहे. तो डीसी २० व्होल्टवर ठेवावा, लाल टोक बॅटरीच्या धन टर्मिनलला आणि काळे टोक ऋण टर्मिनलला लावावे.

पहिला आकडा विश्रांतीचा. गाडी चालवून आल्यावर लगेच नव्हे, तर रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मोजावा. दुचाकीच्या बॅटरीत सहा कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा सुमारे २.१ व्होल्ट देतो. म्हणून पूर्ण भरलेल्या बॅटरीवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसतात. १२.४ च्या आसपास ती साधारण पाऊण भरलेली, १२.२ ला निम्मी आणि १२ ला जवळजवळ रिकामी समजावी. गंमत पाहा, ‘बारा व्होल्टची बॅटरी’ बारा व्होल्ट दाखवते म्हणून आपण खूश होतो, प्रत्यक्षात ती उपाशी असते!

दुसरा आकडा कसोटीचा. मीटर लावलेला ठेवून दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. आकडा झर्रकन खाली जातो. तो साडेनऊ-दहाच्या वर राहिला तर बॅटरी ओझे पेलते आहे. विश्रांतीत १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच आठ-सातवर कोसळली, तर तिच्यात आतून काही उरलेले नाही. बॅटरी खरोखर बदलायची वेळ आली, हे सांगणारी सर्वांत भरवशाची घरगुती परीक्षा हीच. मात्र त्याआधी ती चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी, नाहीतर भुकेल्याला आजारी ठरवल्यासारखे होईल.

तिसरा आकडा भरणपोषणाचा. गाडी मोकळ्या हवेत मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये सुरू करावी. थोडा अ‍ॅक्सिलरेटर देऊन इंजिन मिनिटाला तीन-चार हजार फेऱ्यांवर न्यावे. मीटरवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. आकडा १३ च्याही खाली घुटमळत असेल तर बॅटरी भरतच नाही. मग वीज तयार करणारी कॉइल, तिची जोडणी किंवा रेग्युलेटर यांपैकी कुठेतरी दोष आहे. आकडा १५ च्या वर गेला तर उलटी तऱ्हा. रेग्युलेटर बिघडल्यामुळे बॅटरीला अतिभोजन होते आहे. तिच्यातले पाणी उडते, ती फुगते, बल्ब वारंवार जातात. या दोन्ही परिस्थितींत कितीही नव्या बॅटऱ्या घातल्या तरी त्या मरणारच. ‘महिन्याभरात पुन्हा तेच’ याचे उत्तर बहुधा या तिसऱ्या आकड्यात दडलेले असते, आणि नेमका तोच मोजायचा राहून जातो.

कॉइलवर ठपका ठेवण्याआधी रेग्युलेटरकडे जाणाऱ्या वायरींचा प्लास्टिकचा सॉकेट उघडून पाहावा. तो पिवळा-काळा पडून वितळल्यासारखा दिसला तर तिथली ढिली जोडणीच तापत असते. नवा सॉकेट टाकला की पुष्कळदा प्रश्न मिटतो.

काही मेकॅनिक इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग बघतात’. जुन्या गाड्यांत हे खपून गेले. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत त्या क्षणी दाब उसळून महागडा कंट्रोल युनिट जळू शकतो. असे कुणी करू लागला तर स्पष्ट नकार द्यावा.

उभ्या गाडीतली गळती

तिन्ही आकडे उत्तम, तरी चार दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी सपाट? मग किल्ली बंद असतानाही कुठेतरी वीज वाहते आहे. अलार्म, मोबाइल चार्जर, जीपीएस, बाहेरून बसवलेले जादा दिवे यांची जोडणी थेट बॅटरीला केलेली असेल तर हे हमखास घडते. हिशेब करून पाहा : केवळ ५० मिलिअँपिअरची गळती दिवसाला १.२ अँपिअर-अवर खाते. ५ अँपिअर-अवरची बॅटरी चार दिवसांत संपली! सुस्थितीतल्या गाडीत हा आकडा मोजक्या मिलिअँपिअरचाच असतो.

मोजण्याची रीत अशी : किल्ली बंद करून ऋण टर्मिनलची वायर काढावी आणि मीटर अँपिअरवर लावून त्या वायर आणि टर्मिनलच्या मध्ये जोडावा. मीटर असा जोडलेला असताना किल्ली फिरवू नये आणि सेल्फ तर मुळीच मारू नये, मीटरचा फ्यूज उडेल. गळती जास्त दिसली तर एकेक जादा उपकरण सोडवत जावे. ज्याच्यामुळे आकडा खाली येतो, तो चोर.

गळती नसली तरी गाडी महिनोन् महिने उभी ठेवणे बॅटरीला मानवत नाही. रिकाम्या अवस्थेत राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण खडे बसतात आणि पुढे कितीही भरली तरी तिची धारणाशक्ती परत येत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि गाड्या आठवडेच्या आठवडे जागच्या जागी उभ्या राहिल्या, तेव्हा कित्येक घरांनी हा धडा घेतला. गावी किंवा परदेशी जाताना ऋण टर्मिनल सोडवून ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय. घरापासून भाजी मंडई आणि परत, एवढ्याच फेऱ्या होत असतील तरीही बॅटरी उपाशी राहते. सेल्फने घेतलेले परत मिळण्याआधीच गाडी बंद होते. आठवड्यातून एकदा अर्ध्या-पाऊण तासाची सलग फेरी तिला मानवते.

हवामानाचाही वाटा असतो. थंडीत बॅटरीचा जोर घटतो आणि इंजिनाचे ऑइल घट्ट होते, म्हणून लेह-मनालीच्या सहलीत पहाटे सेल्फ रेंगाळतो. विदर्भ-राजस्थानच्या उन्हात बॅटरीचे आयुष्य आतून झिजते. कोकण, गोवा, चेन्नईच्या खाऱ्या हवेत टर्मिनलवर क्षार लवकर चढतात. तिथे टर्मिनल साफ करून वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवणे उत्तम.

घरी बॅटरी हाताळताना

बॅटरीत गंधकाम्ल असते आणि भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघू शकतो. एक ठिणगी पुरे! म्हणून चार्जिंग हवेशीर जागी करावे, जवळ सिगारेट, उदबत्ती, देवापुढचा दिवा नको. लहान मुलांना दूर ठेवावे. अंगठी, बांगड्या, कडे आधी काढावे.

बॅटरी काढताना आधी ऋण वायर, मग धन. बसवताना आधी धन, मग ऋण. कारण गाडीचा संपूर्ण सांगाडा ऋण बाजूला जोडलेला असतो. धन बाजू सोडवताना पाना सांगाड्याला टेकला तर मोठी ठिणगी उडते. ऋण वायर आधीच सुटलेली असेल तर हा धोका राहत नाही.

झाकणे असलेल्या जुन्या पद्धतीच्या बॅटरीत पातळी कमी झाली तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाचे किंवा बाटलीबंद पिण्याचे पाणी नको, आणि अ‍ॅसिड तर नकोच. मेंटेनन्स फ्री बॅटरी उघडायचीच नसते. आम्ल अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यांत गेले तर निदान पंधरा मिनिटे पाण्याची धार धरून तडक डॉक्टर गाठावा.

चार्जर मोटारसायकलसाठीचा असावा. बॅटरीच्या क्षमतेच्या एक दशांश प्रवाह, हा जुना नियम आजही चालतो. ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला अर्धा अँपिअर, आणि पार उतरलेली असेल तर दहा तासांच्या आसपास वेळ. मोटारीचा दांडगा चार्जर लावला तर ही चिमुकली बॅटरी तापून फुगते. अडचणीत मोटारीच्या बॅटरीचा टेकू घ्यावाच लागला तर मोटारीचे इंजिन बंद ठेवावे. धनला धन जोडावे आणि दुसऱ्या वायरीचे शेवटचे टोक दुचाकीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे.

नवी घेताना, जुनी देताना

परीक्षेत बॅटरी खरोखर नापास झाली तर बदलावी. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलीच क्षमता आणि मापाची घ्यावी. मोठी बॅटरी घातली म्हणून कॉइल जास्त वीज तयार करत नाही. तयार झाल्याची तारीख पाहावी, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख घ्यावी, नवी बॅटरी दुकानातच मीटरवर मोजून घ्यावी. आणि बसवल्यावर तिथेच तिसरा आकडा, म्हणजे चार्जिंग, दाखवायला सांगावे. चांगला मेकॅनिक याला कधीच नाही म्हणणार नाही.

जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात किंवा माळ्यावर टाकू नये. तिच्यातले शिसे विषारी असते आणि ते लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय करते. उघड्यावर बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणाऱ्यांच्या हातीही ती पडू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ग्राहकाने ती दुकानदाराकडे परत द्यावी. बहुतेक दुकानांत तिची किंमत नव्या बॅटरीतून वजाही होते.

दुचाकीच्या डिकीत रुमाल, पावत्या, रेनकोट असे बरेच काही असते. त्यात एका छोट्या कागदाचीही भर घालावी. दर तीन महिन्यांनी विश्रांतीचा, सेल्फचा आणि चार्जिंगचा असे तीन आकडे तारखेसह त्यावर लिहून ठेवावेत. आकडे हळूहळू घसरू लागले की बॅटरी स्वतःच आगाऊ नोटीस देते. ती वाचता आली, तर बटण दाबल्यावर गाडी गप्प बसण्याची पाळी सहसा येत नाही.